कच्चा आहार : किती हितकर, किती धोक्याचा?

वर्ध्याहून यवतमाळला जाणाऱ्या रस्त्यावर कळंब हे तालुक्याचे गाव लागते. जमिनीच्या पातळीखाली असलेल्या चिंतामणी गणेशाच्या मंदिरामुळे ते विदर्भभर परिचित आहे. या परिसरात हिवाळ्यात कोणाकडे जेवायला बसलात, तर ताटात बहुधा घोळाणा असतो. मेथी, कांद्याची पात, कोवळ्या मुळ्याची पाने, कोथिंबीर हे सारे बारीक चिरायचे, त्यात मीठ, तिखट, शेंगदाण्याचा कूट घालायचा, वरून कच्चे तेल सोडायचे आणि हाताने घोळून लगेच पानात वाढायचे. चुलीवर काहीही चढवावे लागत नाही. मात्र त्याच ताटात शेजारी ज्वारीची भाकर असते, झुणका किंवा तुरीचे वरण असते आणि ते व्यवस्थित शिजवलेले असते.

घोळाणा हा कच्चा आहार खराच. पण गेल्या काही वर्षांत शहरांमध्ये ‘रॉ फूड डाएट’ या नावाने जो प्रकार रूढ होत आहे, तो याहून फार वेगळा आहे. त्यात भाकर आणि वरण दोन्ही वर्ज्य असतात. अन्न साधारण ४० ते ४८ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापवायचे नाही, हा या पंथाचा मूळ नियम. फळे, भाज्या, मोड आलेली कडधान्ये, भिजवलेले दाणे, सुकामेवा, नारळ आणि निरनिराळे हिरवे रस यांवरच दिवस काढायचा. बहुतेक अनुयायी दूधही सोडतात. मधुमेह, स्थूलता, संधिवात, थायरॉइडचे विकार, इतकेच नव्हे तर कर्करोगही यामुळे बरा होतो, असे दावे केले जातात. हे दावे ऐकून औषधे बंद करणारे रुग्ण आहेत, म्हणून या विषयाचा थोडा तपशिलात विचार करायला हवा.

गांधीजींचे दोन प्रयोग

कच्च्या आहाराची कल्पना आपल्याकडे अलीकडे परदेशातून आली, असा अनेकांचा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. स्वित्झर्लंडमधील डॉ. बिर्शर-बेनर यांनी झुरिच येथील आपल्या रुग्णालयात विसाव्या शतकाच्या आरंभी कच्च्या फळांचा आणि भिजवलेल्या ओटचा आहार सुरू केला, आजचे ‘म्यूस्ली’ ही त्याचीच देणगी. परंतु त्याच्याही आधी, ऑगस्ट १८९३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे तरुण मोहनदास गांधी यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग करून पाहिला होता. भिजवलेले गहू, वाटाणे, फळे, बदाम असा तो आहार होता. रोजची टिपणे ठेवूनही अकरा दिवसांतच त्यांना तो सोडावा लागला. भूक शमत नव्हती, अशक्तपणा जाणवत होता. या प्रयोगाची हकिगत त्यांनी पुढच्या वर्षी लंडनच्या ‘द व्हेजिटेरियन’मध्ये प्रसिद्धही केली.

दुसरा प्रयोग १९२९ मधला. त्या वेळी गांधीजी साठीच्या उंबरठ्यावर होते. मोड आलेले गहू, बदामाचा लगदा, वाटलेली पालेभाजी, लिंबू आणि मध असा आहार त्यांनी घेतला, दूधही बंद केले. आश्रमातील काही सहकारी यात सामील झाले. ‘यंग इंडिया’तून ते वाचकांना प्रयोगाची माहिती देत होते आणि डॉक्टरांनी, संशोधकांनी या विषयात लक्ष घालावे, असे आवाहन करीत होते. ऑगस्टमध्ये त्यांना आमांशाने गाठले आणि प्रयोग थांबला; पुन्हा बकरीचे दूध सुरू झाले. आज गांधीजींचे नाव घेऊन कच्च्या आहाराचा प्रचार करणारे या प्रयोगाचा आरंभ सांगतात, त्याचा शेवट मात्र क्वचितच सांगतात. गांधीजींनी स्वतः तो लपवला नव्हता.

पुढे वर्ध्याला आल्यानंतर मगनवाडीत १९३५ मध्ये त्यांनी सोयाबीनचा प्रयोग केला, तो भिजवून, शिजवून. त्या काळी या भागाला अपरिचित असलेले हे पीक आज यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या जोडीने मोठ्या क्षेत्रावर घेतले जाते. मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळच्या उरुळी कांचन येथे त्यांनी रुग्णांवर निसर्गोपचार केले आणि तेथील आश्रम उभा राहिला. मणिभाई देसाई यांनी तो पुढे अनेक वर्षे सांभाळला. अशा आश्रमांत रसाहार, फलाहार दिला जातो. पण तो देखरेखीखाली, ठरावीक दिवसांसाठी. दहा दिवसांचा उपचार आणि जन्मभराची आहारपद्धती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे घरच्या घरी प्रयोग करणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

लाभ कोणते?

कच्च्या भाज्या-फळांचे गुण नाकारण्याचे कारण नाही. क जीवनसत्त्व आणि फोलेट ही दोन्ही उष्णतेने नष्ट होतात, शिवाय पाण्यात विरघळतात. भाजी उकळून पाणी फेकून दिले की त्यांचा मोठा भाग मोरीत जातो. चोथा भरपूर असल्याने बद्धकोष्ठता कमी होते, पोट लवकर भरते, मिठाचे व तेलाचे प्रमाण आपोआप घटते. वजन आणि रक्तदाब कमी होण्यामागे हेच साधे कारण असते.

धान्याला मोड आणण्याची आपली पद्धत तर शास्त्रीय कसोटीवर उत्तम ठरली आहे. कोरड्या मुगात किंवा हरभऱ्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. मोड येताना ते तयार होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे वेढ्यात अडकलेल्या हिंदी सैनिकांमध्ये स्कर्व्हीने हाहाकार माजवला होता. त्याच सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक यांनी मोड आलेली कडधान्ये स्कर्व्हीला रोखतात, हे प्रयोगाने दाखवून दिले. मोड आणल्याने फायटेटचे प्रमाणही घटते आणि त्यामुळे लोह व जस्त शरीराला अधिक सुलभतेने मिळते.

मग कच्च्या भाज्या खाणारे अधिक जगतात काय? भारतासह १८ देशांतील लोकांच्या पाहणीवर आधारलेल्या ‘प्युअर’ या संशोधनात २०१७ मध्ये कच्च्या भाज्यांचा संबंध कमी मृत्युदराशी शिजवलेल्या भाज्यांपेक्षा अधिक ठळकपणे दिसला. परंतु २०२२ मध्ये ब्रिटनमधील सुमारे चार लाख लोकांच्या माहितीचे विश्लेषण झाले, तेव्हा असे आढळले की कच्च्या भाज्या अधिक खाणारे लोक एरवीही सुस्थितीतले, कमी धूम्रपान करणारे, अधिक व्यायाम करणारे होते. ही तफावत हिशेबात घेतल्यावर कच्च्या भाज्यांचे श्रेय बरेच उतरले.

एन्झाइमांच्या दाव्यात मात्र तथ्य नाही. ‘शिजवल्याने अन्नातील एन्झाइम मरतात, म्हणून अन्न मृत होते’ असे सांगितले जाते. वनस्पतीतील एन्झाइम ही प्रथिने असतात आणि जठरातील आम्लात त्यांची इतर प्रथिनांप्रमाणेच वासलात लागते. आपले अन्न पचवणारे एन्झाइम आपले शरीर स्वतः तयार करते.

पोषणातील उणिवा

पहिली अडचण उष्मांकांची. शंभर ग्रॅम काकडीतून जेमतेम १५ उष्मांक मिळतात, गाजरातून सुमारे ४०. केवळ गाजरांवर २००० उष्मांक मिळवायचे, तर पाच किलो गाजरे चावावी लागतील. साहजिकच कच्चा आहार घेणारे दाणे, नारळ, खजूर आणि केळी यांवर विसंबतात किंवा अर्धपोटी राहतात. शिजवण्याने पिष्ट फुलते, प्रथिनांची घडी उलगडते आणि त्याच अन्नातून शरीराला अधिक काही मिळते. अंड्याचे उदाहरण बोलके आहे. शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने शरीर वापरू शकते, कच्च्या अंड्यातील केवळ ५० टक्क्यांच्या आसपास. तालमीतले पैलवान कच्ची अंडी गटागटा पितात, त्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

जर्मनीतील गीसेन विद्यापीठाने दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या पाचशेहून अधिक स्त्री-पुरुषांची पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातील एक चतुर्थांश स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते. पंचेचाळीस वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळत नसल्याची ही खूण होय. प्रचारक मात्र पाळी थांबणे हे ‘शरीर शुद्ध झाल्याचे लक्षण’ म्हणून सांगतात! २०१८च्या किंवा २०२४च्या कोणत्याही समाजमाध्यमावर असे सांगणारे सापडतील. अमेरिकेतील एका छोट्या अभ्यासात (२००५) अशा लोकांच्या हाडांची घनता कमी आढळली. फळांतील आम्लाचा सतत मारा झाल्याने दातांचे कवच झिजते, हेही जर्मनीतच दिसून आले.

दुसरी आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक गंभीर उणीव ब-१२ जीवनसत्त्वाची. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. दूध, दही, अंडी, मांस, मासे हेच त्याचे स्रोत. गीसेनच्याच पुढील अभ्यासात (२००५) कच्चा आहार घेणाऱ्या ३८ टक्के लोकांत त्याची कमतरता आढळली. आपल्याकडे तर कच्च्या आहाराच्या वाटेला न जाताही परिस्थिती बिकट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा दोन तृतीयांश जणांच्या रक्तात ब-१२ कमी भरले. अशा स्थितीत ज्याने रोजचे दही-ताकही सोडले, त्याच्याकडे उरते काय? हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, तोल जाणे ही लक्षणे सावकाश, कधी काही वर्षांनी दिसू लागतात. तोवर मज्जातंतूंची हानी झालेली असू शकते. स्पिरुलिना किंवा कडधान्यांच्या मोडांतून ब-१२ मिळते, हा समज चुकीचा आहे.

तिसरी बाब लोहाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. त्यांना उद्देशून गव्हांकुराच्या रसाची ‘हिरवे रक्त’ अशी जाहिरात केली जाते. युक्तिवाद असा की, पानांतील हरितद्रव्य आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांची रचना सारखी असते. रचनेत साम्य आहे. पण हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असते, लोह नव्हे, आणि शरीर त्याचे रक्त बनवीत नाही. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आठावर आले आहे, तिने लोहाच्या गोळ्या बंद करून सकाळी पेलाभर गव्हांकुर पिणे म्हणजे उपचार लांबवणे होय. गंमत अशी की, येथे कच्चे आणि शिजवलेले दोन्ही उपयोगी पडतात. लोखंडी कढईत परतलेल्या भाजीत कढईचे लोह उतरते आणि जेवताना वरून पिळलेले लिंबू किंवा सोबत खाल्लेला पेरू ते लोह शोषून घेण्यास मदत करतो. जेवणावर लगेच चहा घेतला, की हा लाभ बराच कमी होतो.

गाजर, पालक, टोमॅटो यांच्याबाबतही असेच. गाजरातील कॅरोटीन आणि टोमॅटोतील लायकोपीन शिजवल्यावर, तेही थोड्या तेलासोबत, अधिक चांगले मिळते. घोळाण्यात तेल का सोडतात, याचे एक उत्तर यातून मिळते.

जे कच्चे खाऊच नये

वनस्पती पळून जाऊ शकत नाहीत. त्या विषे तयार करून स्वतःचे रक्षण करतात. माणसाने अग्नीच्या साहाय्याने त्यांतील बरीच विषे निकामी केली. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे ट्रिप्सिनरोधक घटक असतात. केवळ भिजवल्याने ते पुरेसे जात नाहीत. राजमा कच्चा किंवा अर्धकच्चा राहिला, तर त्यातील लेक्टिनमुळे काही तासांतच जोराच्या उलट्या होतात. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणेही पुरत नाही, तो खळखळून उकळलाच पाहिजे. सुरण आणि अळू घशाला खाजतात ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे. जवसात सायनाइड निर्माण करू शकणारे घटक असतात. वैदर्भीय गृहिणी चटणीसाठी जवस आधी खमंग भाजून घेतात, ती केवळ चवीची गोष्ट नाही. वजन उतरवण्यासाठी कच्च्या जवसाची पूड वाटीवाटीने खाणाऱ्यांनी प्रमाण आवरावे, एखादा मोठा चमचा पुष्कळ झाला. पूर्व विदर्भातील लाखोळीच्या डाळीतही मज्जातंतूंना घातक द्रव्य असते. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास ते बरेच कमी होते.

सर्वांत धडा घेण्याजोगे प्रकरण दुधी भोपळ्याचे. दिल्लीतील एका वैज्ञानिकाचा २०१० मध्ये कडू दुधीचा रस प्यायल्याने मृत्यू झाला. जून २०१८ मध्ये पुण्यात एका ४१ वर्षीय महिलेचाही असाच अंत झाला. दोघेही आरोग्यासाठीच रस पीत होते. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची अतिकडू द्रव्ये असतात. एखाद्या फळात ती अचानक वाढतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये स्पष्ट सूचना दिल्या : रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखून पाहावा, कडू असेल तर फळ फेकून द्यावे, दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नये, कारण कडवटपणा झाकला जातो, प्यायल्यावर मळमळ, उलट्या, जुलाब किंवा अस्वस्थता वाटल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. या विषावर उतारा नाही. ‘कडू तेवढे औषधी’ ही आपल्या मनात मुरलेली समजूत येथे जिवावर बेतते. भाजी कडू लागली तर आपण पहिल्याच घासाला ताट सरकवतो. रस मात्र नाक दाबून एका दमात पेलाभर पितो.

जंतू, जंत आणि फवारणी

मे-जून २०११ मध्ये जर्मनीत ई-कोलाय जंतूच्या एका घातक प्रकाराची साथ आली. सुमारे चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. शोध घेता घेता मूळ सापडले ते मेथीच्या मोडांत. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. आपली मटकीची उसळ शिजते, म्हणून आपण वाचतो. कच्चेच मोड खायचे असतील, तर धान्य निवडून स्वच्छ पाण्याने धुवावे, फडके रोज उकळावे, मोड फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावेत. बुळबुळीत झाले किंवा आंबूस वास आला तर टाकून द्यावेत. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि कर्करोगाचे उपचार घेणारे यांनी मोड वाफवूनच खावेत.

पालेभाज्यांचा प्रश्न याहून व्यापक आहे. शहरांलगत सांडपाण्याच्या नाल्यांवर मळे पिकतात, काढलेली भाजी त्याच पाण्यात बुचकळून ताजी दिसावी अशी केली जाते. विषमज्वर, कावीळ आणि जंत यांचा हा राजमार्ग. त्यात एक विकार विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. डुकराच्या मांसातील पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेवाटे मातीत आणि तेथून कोबी, मुळा, कोथिंबिरीवर येतात. ती पोटात गेल्यास अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून फिट्स येऊ शकतात. आयुष्यात कधी मांसाला न शिवलेल्या व्यक्तीलाही हा आजार होतो, कारण तो येतो कच्च्या भाजीतून. पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा चोळून धुणे, पावसाळ्यात पालेभाजी शिजवूनच खाणे, हाच यावर उपाय.

फवारणीचे काय? यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. भाजीवरील अंशाने असे तत्काळ मरण येत नाही, तेथे मात्रा फार कमी असते. पण जी रसायने हाताळताना माणसे दगावतात, त्यांचे अवशेष धुण्या-सोलण्याने जेवढे कमी करता येतील तेवढे करावेत. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत चांगली आहे. मात्र सारेच औषध त्याने निघते, असे मानू नये.

ताटात किती कच्चे असावे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दिवसाला २००० उष्मांकांच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावीत, जोडीला धान्ये २५०, डाळी ८५ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर, असे तिचे गणित आहे. या ४०० ग्रॅम भाज्यांतील पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे एक मोठी वाटी कोशिंबीर किंवा घोळाणा, निरोगी माणसाने रोज कच्चा घ्यायला हरकत नाही. फळे रस न काढता चावून खावीत. रसात चोथा जातो आणि साखर उरते.

ज्यांना काही आठवडे पूर्ण कच्चा आहार घ्यायचाच असेल, त्यांनी आधी हिमोग्लोबिन, ब-१२ आणि मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांना फळांच्या रसांतील पोटॅशियम हृदयाच्या दृष्टीने धोक्याचे ठरते, तर रोज पालकाचे पेलेच्या पेले रिचवल्याने ऑक्झलेट साचून चांगल्या मूत्रपिंडालाही इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली आहेत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्या एकाएकी वाढवू नयेत, त्यांतील क जीवनसत्त्वाने नव्हे तर ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम घटतो. वाढत्या वयातील मुलांवर हा प्रयोग मुळीच करू नये. त्यांचे पोट लहान असते आणि गरज मोठी.

मधुमेहींच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. भाकर-भात बंद केल्यावर साखर खाली येते, हे खरे. पण इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या त्याच मात्रेत चालू राहिल्या, तर ती धोकादायक पातळीपर्यंत घसरून रात्री-अपरात्री शुद्ध हरपू शकते. आणि गोळ्या मनानेच सोडल्या, तर काही आठवड्यांनी पूर्वीचे खाणे सुरू होताच साखर पुन्हा चढते, तीही कोणाच्या लक्षात न येता. म्हणून आहार बदलण्याच्या पहिल्या दिवसापासून साखर घरी मोजून लिहून ठेवावी आणि तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटावे. मात्रा कमी करायची की नाही, हे त्यांनी ठरवायचे.